हेकरूचा श्रावण

आमच्या घरात आजवर सगळ्यात कडक श्रावण कोणी पाळला असेल, तर तो एका माशानं. तोही स्वखुशीनं नाही.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला, शांती नगरात नुकतेच राहायला आलो होतो. बिल्डिंगला पाणी टँकरचं. माणसांच्या आंघोळीची मारामार, आणि आमच्या हॉलमध्ये मात्र अख्खा समुद्र! काचेची भलीमोठी टाकी, त्यात उत्तनच्या किनाऱ्यावरून स्कूटरला कॅन बांधून आणलेलं खारं पाणी, आणि त्या पाण्याचा एकटा मालक हेकरू. हो, बाजारात मिळणारा, ज्याचं कालवण होतं तोच मासा. कोळणीच्या टोपलीत पिल्लू जिवंत सापडलं म्हणून मी ते घरी आणलं, आणि बघता बघता त्याचा जबडा माझ्या मुठीएवढा झाला. आई रोज त्याच्याकडे मायेनं बघायची. (ती माया कसली, ते मला ठाऊक होतं. "तिरफळं घालून काय लागेल हा!" असं ती एकदा झोपेत म्हणाली होती.)

हा छंद मला लागला ऑफिसातल्या साहेबांमुळे. माझी बोरिवलीला बदली त्यांच्या सहीसाठी अडकली होती, आणि त्यांना खाऱ्या पाण्यातल्या माशांचं वेड. म्हणून मलाही वेड! बोरिवलीला बदली म्हणजे संध्याकाळचा चहा घरी, उजेडात. त्या सहीसाठी मी शार्कसुद्धा पाळला असता.

साहेबांनी शार्क नाही, कोळंबी दिली. मुलीकडे नागपूरला महिनाभर जायचं म्हणून ते एक बरणी छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले. आत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांबलचक मिशांची नाजूक कोळंबी.

"ही माझी राणी. मद्रासहून आणवलीय. सांभाळाल ना?"

"साहेब, पण आमचा हेकरू..."

"काही करत नाही हो! ही माशांचे दात साफ करते. तोंडात शिरते, कण टिपते, बाहेर येते. फक्त त्याचं पोट भरलेलं ठेवा. उपाशी राहिला, तर मात्र माझा भरवसा नाही."

आणि खरंच! हेकरू आ वासून बसायचा, राणी आत जाऊन दात घासून द्यायची. त्याचं पोट भरलेलं राहावं म्हणून मी रोज बाजारातली कोळंबी चिरून घालायचो. (एका कोळंबीनं दुसऱ्या कोळंबीचे कण त्याच्या दातांतून काढायचे, हे जरा विचित्रच. पण आम्ही ऑफिसात वेगळं काय करत होतो?)

आणि श्रावण लागला.

"आजपासून या घरात कोळंबी येणार नाही," आईनं जाहीर केलं.

"अगं, आपल्याला नाही, हेकरूला!"

"मग तो काय भाड्यानं राहतोय? घरातलाच ना? पाळेल! तुझे बाबा जन्मभर कुरकुरले, पण पाळला त्यांनी."

"आई, तो मासा आहे! मासे खाणारा मासा!"

"म्हणूनच त्याला जास्त गरज आहे."

झालं! भिजवलेले मूग टाकले. हेकरूनं तोंडात घेतले आणि थुंकले. साबुदाणा थुंकला. उकडलेला बटाटा बघून त्यानं आमच्याकडे चक्क पाठ फिरवली. माझ्या बायकोनं, नीतानं, सोयाबीनच्या वड्या घातल्या, तर त्या टम्म फुगून टाकीभर तरंगायला लागल्या. "आज सोमवार आहे, आज नाहीतरी उपासच," म्हणत आईनं त्याही काढून घेतल्या.

समोरच्या शाहबेनना बातमी लागली. त्या हात जोडूनच घरात शिरल्या. "भाभी, तमारी माछली उपवास करे छे?"

नेमका त्याच क्षणी हेकरूनं आ वासला आणि राणी आरामात आत गेली.

"जुओ, जुओ!" शाहबेन किंचाळल्या. "मोढामां आवी तोय खातो नथी!"

दुसऱ्या दिवसापासून दर्शनाला रांग! कोणी फुलं आणली, कोणी नारळ. आईनं टाकीपुढे निरांजन लावलं. "बघ, शिकला की नाही?" ती मला म्हणाली. मला मात्र हेकरूच्या डोळ्यांत भक्ती दिसेना. तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची मापं घेत होता.

साहेब परत यायचे त्या रविवारी सकाळी राणी गायब! टाकीच्या तळाशी नुसतं सालपट, मिशांसकट, आतून रिकामं.

"सोलून खाल्ली!" आईनं कपाळावर हात मारला. "मेल्यानं सोलून खाल्ली! आपल्या घरात राहून शिकला!"

माझी बोरिवली गेली. मी टाकीला डोकं टेकून रडलो, अगदी खरं रडलो. नीता मात्र खंबीर. "रडू नका. भाईंदरला जा आणि खाडीतली जिवंत कोळंबी आणा."

"जित्ती हाय," कोळीण म्हणाली, "पर येकच कशाला? येकीचं कालवन न्हाय व्हत!"

घरी आलो, तर आई दारात आडवी. "श्रावणात कोळंबी?"

"आई, खायला नाही. राहायला!"

आई घोटाळली. "पाहुणी आहे होय? मग येऊ दे. पाहुण्याला दारातून परत कसं पाठवायचं?"

नीतानं लाल नेलपॉलिश काढलं. मी कोळंबी धरली. "हलू नका!" ती ओरडली. (कोळंबी शांत होती, मीच थरथरत होतो.) दोन पट्टे ओढले, फुंकर मारली, पाहुणीला टाकीत सोडलं आणि बेल वाजली!

साहेब थेट टाकीपाशी. मागोमाग शाहबेन, मागोमाग जिन्यातली सगळी रांग. "राणी जरा सुकलेली वाटते," साहेब वाकून म्हणाले. "आणि मिशा कुठे..."

गपकन! पाहुणी गडप.

"मोडला!" आई ओरडली. "सोमवार अगदी तोंडावर आणि मेल्यानं श्रावण मोडला!"

शाहबेननी डोळे मिटले. साहेब सोफ्यावर कोसळले. आणि तेवढ्यात दगडामागून लांब मिशा हलल्या. लालभडक पट्टे झळकवत राणी बाहेर आली आणि डुलत डुलत हेकरूच्या तोंडात दात घासायला शिरली.

"अहो, कात टाकलीय हिनं!" साहेब उडालेच. "कात टाकली की लपून बसतात या. काय तेज चढलंय! पण मग ती... गिळली ती कोण होती?"

"पाहुणी," आई डोळे पुसत म्हणाली. मग तिनं मूग, साबुदाणा आणि सोमवार, सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "हेकरूला श्रावण पाळायला लावलात? आणि राणीला ओरखडासुद्धा नाही? असा माणूस मी बोरिवलीला घालवीन? शक्यच नाही! तुमची बदली रद्द! तुम्ही कायम माझ्याच हाताखाली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

हेकरूनं उपास केला आणि त्याला फळ मिळालं, नेलपॉलिश लावलेलं का होईना. मी महिनाभर दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो. मला कुठून मिळणार!