दोन बादल्यांचा शेरा

२ जून, दुपारचे दोन वाजून तीस मिनिटे. वर्षातल्या या एका क्षणी नागपूरचे तापमान किती होते, हे माझ्या मामांइतक्या खात्रीने सांगू शकणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नाही. आणि वर्षातल्या उरलेल्या सर्व क्षणांविषयी त्यांच्याइतका उदासीन माणूसही दुसरा नाही. मे महिन्यात सीताबर्डीच्या रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटू लागावे, ओल्या दुपट्ट्यात डोके गुंडाळलेल्या दुकानदाराने म्हणावे, "काका, आज तर रेकॉर्डच तुटला," आणि मामांनी शांतपणे विचारावे, "आज तारीख काय?" दोन जून नसली की विषय संपला.

मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात, नियंत्रण कक्षात त्यांनी चौतीस वर्षे दर तासाला तबकड्यांवरचे आकडे वाचून लॉगबुकात उतरवले. निवृत्त झाले तरी डोळ्यांची सवय निवृत्त झाली नाही. आकडा वाचायचा तर डोळा त्याच्या रेषेत हवा, हा त्यांचा धर्म. भाजीवाल्याच्या तराजूसमोर ते उकिडवे बसत. डॉक्टर रक्तदाब तपासू लागले की पट्टा बांधलेल्या हातासकट पाऱ्याकडे वाकत, आणि वाकल्यामुळे दाब वाढला की डॉक्टरांच्या पद्धतीत खोट काढत. मेट्रो स्थानकावरच्या उंच फलकावरचे तापमान त्यांनी कधीच मान्य केले नाही. "तेवढ्या वर डोळा कोण नेऊन राहिलं?" हा त्यांचा बिनतोड प्रश्न.

दोन जूनचे कारण मात्र अगदी साधे. बत्तीस वर्षांपूर्वी त्या दिवशी मामा-मामी कोराडी रस्त्यावरच्या आपल्या नव्या घरात राहायला आले. कक्षातल्या सहकाऱ्यांनी आहेर म्हणून लाकडी पट्टीवरचा पाऱ्याचा थर्मामीटर दिला. मामांनी तो मागच्या अंगणात, सावलीच्या भिंतीवर, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला खिळा ठोकून टांगला आणि अडीच वाजता पहिला आकडा वहीत लिहिला. नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांचा, तो शेवटचा दिवस. पुढच्या वर्षी केवळ तुलनेसाठी दुसरा आकडा लिहिला गेला, आणि तिसऱ्या वर्षापासून त्याचे व्रत झाले. नोकरीत असताना वर्षातली एक रजा या दिवसासाठी राखीव असे. सव्वादोनला मामा आतल्या खोलीत रेडिओशी घड्याळ जुळवत बसत, अडीचला पाच मिनिटे कमी असताना चपला दारात काढून अनवाणी अंगणात उतरत. चपला का काढायच्या, असे मी लहानपणी विचारले होते. "खरं पाहाले जाऊन राहिलो ना वं," ते म्हणाले होते, "चपला घालून जाऊ का?"

या व्रताची झळ आमच्या सगळ्या कुटुंबाला लागलेली आहे. माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न नरखेडला, नेमके दोन जूनला निघाले. नवरीला मांडवात मामांनी आणायचे. आणि मामा नागपुरात, भिंतीसमोर. नोंद करून, मोटारसायकल दामटत ते पावणेपाचला पोहोचले तेव्हा गुरुजींच्या साऱ्या मंगलाष्टका गाऊन संपल्या होत्या आणि ते स्वतः रचलेल्या गात होते. घामाने आणि रागाने लाल झालेल्या नवरीचा हात धरून मामांनी तिच्या कानात आशीर्वाद दिला, "चव्वेचाळीस पूर्णांक दोन." आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. त्यांच्या ते बहुधा लक्षात आले नाही.

मामींनी मात्र हे सारे तीस वर्षे निभावले. मग मुलाला पुण्याला मुलगी झाली, तिला सांभाळायला त्या तिकडे गेल्या. मामा "दोन जून झाली की येतो" म्हणाले. दोन जून झाली, तशी पुढची दोन जून जवळ आली. अशी दोन वर्षे गेली. "त्याइचं लग्न माह्याशी झालं का त्या काचेच्या नळीशी, तेच मले समजून नाही राहिलं," असे मामी फोनवर सगळ्यांना सांगत. मामा एकटे राहत होते, वरणभात खात होते, आणि दोन्ही जूनमध्ये आपल्या तळपायांवरचे फोड भेटेल त्याला दाखवत होते. "पाह्य, किती तापून राहिलं नागपूर! आधी कधी आले होते का फोड?"

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी त्यांच्याकडे गेले ती स्वार्थाने. भौतिकशास्त्रातले माझे एम.एस्सी. झाले होते, हवामानावरच्या संशोधनासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा होता, आणि एकच निरीक्षक, एकच उपकरण, एकच जागा, एकच वेळ अशी बत्तीस नोंदींची वही माझ्या मामांच्या कपाटात पडून होती. मामांनी ती दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केली. तिचा कोणाला तरी उपयोग होणार, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होती.

मी वेधशाळेचे आकडे शेजारी मांडले आणि आठ दिवसांत निष्कर्षासह परतले. पहिल्या तीस वर्षांत मामांचा आकडा दरवेळी वेधशाळेपेक्षा सुमारे दोन अंशांनी कमी होता. शेवटच्या दोन वर्षांत तो फरक नाहीसा झाला होता. "मामा," मी आत्मविश्वासाने सांगितले, "तुमच्या थर्मामीटरमध्ये दोष आहे."

मामांनी थर्मामीटर काढून आणला, पातेल्यात बर्फ कुटला, नळी त्यात उभी केली आणि दहा मिनिटांनी गुडघे टेकून डोळा रेषेत नेला. "शून्य दाखवून राहिलं ना? मंग? दोष काहून असंन वं त्याच्यात?"

शून्यच होते. आता शंका थर्मामीटरच्या जागेवर. मी मामींना फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि विचारले, "मामी, भिंतीवरचा खिळा कधी हलवला होता का?"

"खिळा काय हालते वं! काहून?"

"मामांचे आकडे तुम्ही इथे होतात तोपर्यंत कमी येत होते. तुम्ही गेल्यावर वाढले."

मामी म्हणाल्या, "मी पाणी मारत होती ना."

"कुठे?"

"अंगणात, अजून कुठं? तो माणूस थर्मामीटरसमोर चप्पल घालत नाही. दोन वाजताची फरशी पाह्यली का तू कधी? पापड भाजते तिच्यावर. हे घड्याळ जुळवाले बसले का मी दोन बादल्या मारून देत होती. बाहीर येतपर्यंत फरशी कोरडी."

"त्यांना कधी सांगितले नाही?"

"सांगतलं असतं त पाणी बंद केलं असतं अन् पाय भाजून घेतले असते. तुह्या मामाले वळखत नाही का तू?"

मामा आपल्या तळपायांकडे पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हंजे तीस वर्षं मी नागपूरचं तापमान लिवलंच नाही."

त्यांचा चेहरा मला पाहवेना. मी घाईने म्हणाले की दोन अंशांची दुरुस्ती करता येईल, आकडे खोडून नवे लिहिता येतील. "खोडाचं नसते," मामा म्हणाले. "लॉगबुकात आकडा खोडत नाही. बाजूनं शेरा लिवतात." मग ते फोनकडे वाकले, डोळा त्याच्या रेषेत नेऊन. "बादली कोणती वं? लहान का मोठी?"

"घ्या! दोन वर्षांनी इचारलं तेही बादलीचं! मोठी, लोखंडी."

मामांनी पेन उघडले. बत्तीस वर्षे रिकाम्या राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पहिल्या तीस ओळींपुढे, प्रत्येक ओळीपुढे स्वतंत्रपणे, लिहिले: दोन बादल्या. शेवटच्या दोन ओळींपुढे लिहिले: कोरडी. लिहून झाल्यावर, फोन अजून चालूच आहे हे लक्षात येऊन, हळूच म्हणाले, "मी येऊ का तिकडे?"

"अन् दोन जून कोण करीन?" मामींनी विचारले. मामांनी माझ्याकडे पाहिले.

अर्जात मी ती वही घातली नाही. दोन बादल्यांची दुरुस्ती मला सहज करता आली असती. ती करावीशी वाटली नाही. शिष्यवृत्ती दुसऱ्या विषयावर मिळाली, आणि मामा दिवाळीपूर्वी पुण्याला गेले. नातीचा ताप मोजताना ते जमिनीवर लोळतात म्हणे.

यंदा मी कुलूप उघडून एकटीच मागच्या अंगणात गेले. मोजण्याची पद्धत मध्येच बदलू नये, हे मला कोणी शिकवायला नको होते. सव्वादोनला मोठी लोखंडी बादली दोनदा भरली आणि रिकामी केली. फरशीने पाणी पिऊन टाकले. दारात चपला काढल्या. भिंतीवरचा खिळा मामांच्या उंचीचा. मला टाचा उंचवाव्या लागल्या. अडीच वाजता डोळा रेषेत आला. मग वहीच्या तेहतिसाव्या ओळीत आधी शेरा लिहिला, दोन बादल्या, आणि त्याच्या अलीकडच्या रकान्यात, माझ्या अक्षरात पहिल्यांदाच, ४२.६.