माझ्या नावावर संथ झालेली लढाई

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या आमच्या ऑफिसात सहा-सात जण एकाच व्हिडिओ गेमचे वेडे होतो. मालिका जुनी. दर भागात तोच तलवारबाज, मुलूख नवा, राक्षस नवे. सगळी गंमत हातघाईत. समोरची तलवार अंगावर येते त्या नेमक्या क्षणी बटण दाबायचं. जरा आधी दाबलंत तरी मेलात, जरा उशिरा दाबलंत तरी मेलात. सांगलीला इंजिनिअरिंग करताना मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी पहिला भाग खेळले आणि तेव्हापासून प्रत्येक भाग सर्वांत अवघड पातळीवर संपवत आले. घरात दुसरं कोणी खेळत नाही. नवऱ्याला तर कंट्रोलर सुलटा कुठला आणि उलटा कुठला हेही कळत नाही.

एका दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत असताना नव्या भागाचा ट्रेलर आला. सगळे एका फोनवर वाकलो. तलवारबाजाने वार केला आणि तो थांबला. चक्क उभा राहिला. स्क्रीनवर पर्याय आले: वार, बचाव, औषध, माघार. एक निवडायचा, मग राक्षसाची पाळी. तो सावकाश येणार, मारणार, परत जाऊन उभा राहणार. याला टर्न-बेस्ड म्हणतात. अशा खेळांशी माझं वैर नाही, पण या मालिकेत? मी रसम-भाताचं ताट बाजूला सारलं.

त्या दिवसापासून टेबलाचे दोन तट पडले. निम्मे म्हणत, बरं झालं, आता डोकं वापरावं लागेल. निम्मे म्हणत, सत्यानाश झाला. मी दुसऱ्या तटात होते आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात होते. आमचा टीम लीडही याच बाजूचा, म्हणून मला तो त्या आठवड्यात फार शहाणा वाटायला लागला होता.

मग एक दिवस तो म्हणाला, "हे का केलंय माहीत आहे? हल्ली बायका खेळतात. त्यांना एवढी घाई झेपत नाही. म्हणून सगळं हळू करून टाकलं."

आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला सोपं जाईल आता, मॅडम."

"मी आठवडाभर याच्या विरोधात बोलतेय," मी म्हणाले.

"अहो, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही अपवाद."

त्यावर पलीकडच्या तटातला एक जण अगदी मायेने म्हणाला, "चांगलंच आहे की. आता नवऱ्याच्या मदतीशिवाय खेळता येईल."

दोन तटांचं आठवडाभर कशावरच एकमत होत नव्हतं. ते इथे झालं, आणि सगळे हसले.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते टेबलावरच्या माझ्या मित्राचं हसणं. तो तंजावरच्या मराठी घरातला, पिढ्यान्‌पिढ्या इकडचा. त्याची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली. पण चेन्नईत आल्यावर ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारा तो पहिला माणूस. तोही हसला आणि इकडचं लाडाचं 'मा' जोडून हळूच म्हणाला, "सोडून टाक मा."

काय सोडून टाकू?

शनिवारी सकाळी आम्ही चेन्नईजवळच्याच कोवलमला, समुद्रकिनारी जमलो. बस-स्टँडजवळ तळलेली मासळी खायची आणि गेम बनवणाऱ्या कंपनीला चाहत्यांतर्फे निषेधाचं पत्र लिहायचं, असं ठरलं होतं. खरं म्हणजे मी जाणारच नव्हते. पण खेळ माझाही होता, म्हणून गेले. टीम लीडने मजकूर फोनवर आधीच लिहून आणला होता. तो त्याने मोठ्याने वाचला. तिसऱ्याच वाक्यात होतं, की हौशी स्त्री-खेळाडूंना खूश करण्यासाठी खऱ्या चाहत्यांचा बळी दिला जातोय.

वाचून झाल्यावर त्याने फोन माझ्यापुढे धरला. "पहिलं नाव तुमचं घाला. बाईचं नाव असलं की वजन पडतं."

एरवी मी यांच्याशी इंग्रजीत भांडते, मोडक्या तमिळमध्येही भांडते. त्या क्षणी दोन्ही भाषा गेल्या. मी तोंड उघडलं ते थेट सांगलीच्या मराठीत.

"लाज नाही वाटत? माझ्यामुळे खेळ बिघडला असं लिहायचं आणि खाली सही माझीच मागायची? या सगळ्यांत एक तरी आहे का अवघड पातळीवर शेवटपर्यंत गेलेला? मी गेलेय. प्रत्येक भागात!"

सगळे माझ्या मित्राकडे बघायला लागले. तो तमिळमध्ये म्हणाला, "तिला थोडं वाईट वाटलंय."

एवढं तमिळ मला येतं.

"असं नाही म्हणाले मी," मी त्याला म्हटलं. "म्हणाले तेच सांग. लाज शब्दासकट."

मग एकेक वाक्य करून त्याने सगळं सांगितलं, लाज शब्दासकट. टीम लीड एवढंच म्हणाला, "एका वाक्यावरून केवढं मनावर घेता!" मी सरळ बसमध्ये जाऊन बसले.

पत्र माझ्या नावाशिवाय गेलं. 'स्त्री-खेळाडू'च्या जागी 'नवशिके' घातलं होतं, म्हणजे सुधारणा झाली असं त्यांना वाटत असावं. मी माझं वेगळं पत्र चाहत्यांच्या फोरमवर लिहिलं: बटण दाबण्याचा तो क्षण काढला तर या खेळात उरतं काय, असं. खाली उत्तरं आली, की हे कुणा पुरुषाने बाईच्या नावाने लिहिलंय.

सोमवारी मी कॅन्टीनमध्ये वेगळी बसले, तर मित्र डबा घेऊन माझ्या टेबलावर आला. माफी वगैरे मागितली नाही, म्हणाला, "तिथे मी आधीच बोलायला पाहिजे होतं." मी सरकून जागा दिली. त्या मोठ्या टेबलावर मी पुन्हा गेले नाही.

नवा भाग आला तेव्हा मी तोही घेतला. खेळ वाईट नाही. चित्रं सुरेख आहेत, एक-दोन लढायांत खरंच विचार करावा लागला. पण मधेच राक्षस माझ्यापुढे येतो, तलवार उचलतो, माझं बोट आपोआप बटणावर जातं, आणि काहीच होत नाही. माझी पाळी नसते. मग वार खात बसायचं. राग येतो तो येतोच, खेळ असा करणाऱ्यांचाही येतो, आणि ते माझ्यासाठी केलं म्हणणाऱ्यांचाही.