पंगतीचा नियम

"पण भाजी कोणं केली?"

कनातीच्या पलीकडून आवाज आला. मी अलीकडे उकिडवी बसून सैल झालेली दोरी खुंटीला आवळत होते. आवाज आमच्या शेजारच्या काकूंचा होता.

"पोरींनं केली ना वं," दुसरी कोणी बाई म्हणाली.

"हाव, पण कोण्या पोरीनं?"

उत्तर ऐकू आलं नाही. बहुतेक नुसतं मानेनं दाखवलं असावं. मग काकू जरा मोठ्यांदा म्हणाल्या, "मले आज उपास हाय माय. मी आपली केळं खाईन."

त्या दिवशी रविवार होता. चतुर्थी नव्हती, एकादशीही नव्हती. आमच्या घरी आईबाबा दोघांचे उपास असतात, त्यामुळे मला ते पाठ आहे. पण असतो एखाद्याचा रविवारचा उपास, काय सांगावं. मी गाठ मारली आणि काहीच ऐकलं नसल्यासारखी पंगतीकडे गेले.

आमचं गाव उंद्रीच्या पुढे, खामगाव रस्त्याला लागून. गावात मुलींचं एक गाइड पथक आहे. मी खामगावला इंग्रजी शाळेत असताना गाइड होते. पदवी झाली आणि मी घरी परत आले, तेव्हा पथक चालवणाऱ्या निवृत्त सरांनी बाबांना गाठून सांगितलं, "पोरीले पाठवा आमच्याकडं, घरात बसून काय करते." सरांसमोर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. मला माणसांत बोलायचा संकोच वाटतो, पण मुलींना गाठी शिकवताना फार बोलावं लागत नाही. दोरी धरून दाखवली की झालं.

पथकाचं शिबिर हिवाळ्यात गावाबाहेरच्या आमराईत होतं. शेवटच्या दुपारी मुली स्वयंपाक करतात आणि आलेल्या पालकांना पंगतीत बसवून वाढतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. ही पंगत म्हणजेच मुलींची परीक्षा असते. जी गटप्रमुख ती सांभाळेल तिला पुढचा बिल्ला. पाहुणे पोटभर जेवून उठले का, एवढंच सर बघतात.

त्या वर्षी रोडगे एका गटानं केले होते, वरण दुसऱ्या गटानं. भाजी एका आठवीतल्या मुलीनं केली होती. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गावातले सगळे तिला सिस्टर म्हणतात. त्यांच्या घरात शिरल्याबरोबर समोर बुद्धाची तसबीर दिसते आणि शेजारी बाबासाहेबांची. मुलगी काटक आणि फटकळ. भाजी चाखायला ती तळहातावर रस्सा ओतून घेत होती आणि कोणी "हात भाजशीन ना वं!" म्हणालं की हसत होती.

पंगत उठली तेव्हा रोडगे संपले होते, वरण संपलं होतं. भाजीचं पातेलं अर्धं भरलेलं होतं. सर दोनदा भाजी घेऊन जेवले, मी जेवले, आणखी काही जण जेवले. बाकीच्यांनी रोडगे वरणात कुस्करले.

मुलीनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "ताई, तिखट झाली काय?"

"नाही. छान झालीय."

"मग उरली काऊन?"

मी उष्ट्या पत्रावळी गोळा करायला वाकले. ती पातेलं उचलून घेऊन गेली.

त्यानंतर महिनाभरातच पथकाच्या पालक-स्वयंसेवक समितीत काकू आल्या. समिती आधीपासून होती, पण तिला नियम म्हणून काही नव्हते. ज्याला वेळ असेल तो यायचा, सर सांगतील ते करायचा. काकू म्हणाल्या, असं चालत नाही, नियम पाहिजेत, लेखी पाहिजेत. सरांना ते पटलं. लिहायचं काम माझ्यावर आलं, कारण मी इंग्रजीतून शिकलेली. नियम मराठीतच लिहायचे होते, तरीही.

"मॅडमनं लिहिलं म्हंजे त्याले वजन येते," कृषी केंद्रवाले भाऊ म्हणाले. त्यांची मुलगी पथकात आहे. ते प्रत्येक सभेला येतात आणि प्रत्येक सभेत हसवतात.

सभा पुढच्या शिबिराच्या तोंडावर सुरू झाल्या, शाळेच्या वर्गात, रविवारी दुपारी. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसायची. पहिल्या सभेत चांगले नियम झाले. समितीची मुदत किती, सभेला कमीत कमी किती जण हवेत, शिबिरात मुक्कामाला दोन बाया असल्याच पाहिजेत, पुरुष पालकांनी तंबूंकडे जायचं नाही. हा शेवटचा तर काकूंनीच सुचवला होता. घरी जाताना मला स्वतःची लाज वाटली. एका उपासावरून आपण केवढं रचलं, असं वाटलं. काकू आमच्या घरी लोणच्याची बरणी पाठवतात, आई आजारी होती तेव्हा त्यांनी आठवडाभर पोळ्या केल्या होत्या.

दुसऱ्या सभेत त्या म्हणाल्या, "अन् एक लिही वं. शिबिरात पोरींनं सैपाक नाही करायचा. आचारी बोलवायचा."

"काऊन?" सरांनी विचारलं.

"आग हाय सर. एखांदी भाजली म्हंजे? जबाबदारी कोणाची? समितीचीच ना."

कारण खरं होतं. मी मान खाली घालून ते लिहून घेतलं. मग खूप वेळ धीर गोळा करून म्हणाले, की स्वयंपाक हा परीक्षेचा भाग आहे. आवाज इतका लहान निघाला की भाऊंनी कानाला हात लावला. "मॅडम, जरा मोठ्यानं. इतक्या बारीक आवाजानं चूल पेटत नसते." सगळे हसले. सरांनी माझं वाक्य पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

काकूंनी लगेच मान्य केलं. इतक्या लगेच, की मला ते खटकलं. "मग असं करा, जिचं तिनं करावं. आपापली चूल, आपापली भाकर. एकीचं दुसरीनं काऊन खावं? कोणाचे हात धुतलेले, कोणाचे नाही."

आगीची काळजी कुठे गेली, ते कोणी विचारलं नाही. दोन-तीन चुलींच्या जागी आता वीस चुली पेटणार होत्या.

"तसं तर मंग पंगतीचा मतलबच उरत नाही," सर म्हणाले.

"पंगत आचाऱ्याची ठेवा ना. पाव्हण्याईले चवीचं भेटलं पाहिजे. मागच्या खेपेले भाजी कशी उरली, पाह्यलं ना तुम्ही? त्यायच्यात तिखट लई खातात."

"आपुन काय कमी खातो का वयनी?" भाऊ हसत म्हणाले. "वऱ्हाड हाय हे!" मग त्यांचं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

'त्यायच्यात' म्हणजे कोणाच्यात, ते कोणी विचारलं नाही. विचारायची गरज कोणालाच पडली नाही, हे मी पाहिलं.

"हे तर काल ग्रुपवर झालंच होतं," काकू पुढे म्हणाल्या, आणि भाऊंना एकदम खोकला आला.

मी बाकाखाली फोन उघडला. समितीच्या ग्रुपवर आदल्या दिवसाचं एक गुलाबाचं फूल होतं, एक सुप्रभात आणि एका हरवलेल्या म्हशीचा फोटो. दुसरं काही नव्हतं. म्हणजे दुसरा ग्रुप होता. त्यात मी नव्हते. सिस्टर समितीत होत्या, पण त्याही तिथे नसणार. मग मला आठवलं की सिस्टर या सभेला नव्हत्या, आधीच्याही नव्हत्या. दोन्ही वेळा त्यांची दुपारची ड्युटी होती. सभेचा दिवस ठरवायचं काम काकूंकडे होतं. आता हा योगायोगही असेल. दवाखान्याच्या ड्युट्या कशाही लागतात. पण एकदा संशय आला की जुनी प्रत्येक गोष्ट उलटून पाहावीशी वाटते, आणि काही गोष्टींच्या खालची बाजू खरंच वेगळी निघते.

सभा संपल्यावर सर माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. "बेटा, वाद नको. पथक टिकलं पाहिजे. चार घरांनी पोरी काढून घेतल्या तर काय करशील?"

"पण यंदा ती गटप्रमुख आहे, पंगत तिची आहे, सर. पुढच्या वर्षी ती दहावीत. मग शिबिर नाही."

त्यांनी विचारलं नाही की ती म्हणजे कोण. "तिचा बिल्ला कुठं जात नाही. मी तिले तशीच पास करून टाकतो. तू काळजी करू नको."

सरांनी मागच्या वर्षी त्याच पातेल्यातली भाजी दोनदा घेतली होती. म्हणूनच मला ते जास्त लागलं. त्यांना सगळं दिसत होतं.

मुलीला कोणी काय सांगितलं, मला माहीत नाही. पण गावात असल्या गोष्टी आपोआप पोचतात. पुढच्या कवायतीला ती माझ्याजवळ आली. हातात दोरी होती, गाठ दाखवण्याचं निमित्त.

"ताई, यंदा पंगत आमच्या गटाची हाय ना?"

"अजून ठरतंय."

"आचारी येऊन राह्यला म्हणतात."

"ठरलं नाही गं."

"मले तसंच पास करणार हायेत म्हणे." तिनं दोरी ओढून गाठ घट्ट केली. "तसंच काऊन? मले येते ना सैपाक." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी यंदा तिखट कमी घालीन. मीठबी मापून घालीन. एकदा पाहून तरी घ्या म्हणा."

तिला कारण ठाऊक होतं की नव्हतं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला हे ठाऊक नसेल असं मानणं मला सोयीचं होतं, म्हणून त्या विचारावरही माझा विश्वास बसला नाही.

तिसरी सभा नियम मंजूर करायची होती. मी वर्गात शिरले तर सिस्टर शेवटच्या बाकावर बसलेल्या. पांढरा गणवेश तसाच. ड्युटी बदलून घेऊन आल्या होत्या. त्यांना पाहून सगळ्यांचे आवाज गोड झाले. काकू तर सरकून म्हणाल्या, "या ना सिस्टर, पुढं या." मागच्या महिन्यात काकूंना ताप भरला तेव्हा सलाईन लावायला त्यांनी याच सिस्टरना निरोप पाठवून घरी बोलावलं होतं, कारण दुसऱ्या कोणाला त्यांची शीर सापडत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "बसते इथंच."

मी एकेक नियम वाचत गेले. माना हलत गेल्या. मग स्वयंपाकाचा नियम वाचला. मुलींनी पाहुण्यांसाठी स्वयंपाक करू नये. पंगतीचं जेवण आचारी करील.

"हे कशापायी?" सिस्टरनी विचारलं. अगदी साध्या आवाजात, जसं त्या विचारतात की ताप कधीपासून आहे.

"आग हाय ना सिस्टर," काकू म्हणाल्या. "लेकरं हायेत. तुम्हाले तर जास्त माहीत."

"मग मी येते ना शिबिराले. सुट्टी टाकते. कोणाले चटका बसला तर मी पाहीन."

"तसं नाही वं..."

"मग कसं?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काकू माझ्याकडे बघायला लागल्या, जणू नियम मी केला होता आणि उत्तर मीच द्यायचं होतं. बाहेर कोणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

सर खाकरले. "हे पाहा, कोणाच्या मनात काही नाही. सोयीसाठी हाय. मतदान कशाले, एकमतानंच करू. हरकत नाही ना कोणाची?" मग मला म्हणाले, "मॅडम, मंजूर लिहा."

त्यांनी मला मॅडम म्हटलं, बेटा नाही.

सिस्टर उठून गेल्या असत्या तर मला सोपं झालं असतं. पण त्या तशाच बसून राहिल्या, पर्सवर दोन्ही हात ठेवून. त्या कोणाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. माझ्याकडून त्यांची काही अपेक्षा नव्हती, हे दिसत होतं.

मला वाटलं, आता आईला काकूंच्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागेल. बाबा विचारतील, तुले काय गरज होती. चार घरं खरंच पोरी काढून घेतील. हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि तरीही मी उभी राहिले होते. बाकाची कड मांडीला लागली.

"नाही लिहिणार," मी म्हणाले. "पंगत यंदाबी पोरीच करतीन. जिची बारी हाय तीच करन. अन् ज्याले तिच्या हातचं चालत नसन, त्यानं घरून डबा आणावा अन् त्याच पंगतीत, सगळ्यायच्या समोर बसून खावा."