टेबलाखालचा कागद

त्याचं नाव मी स्वतः टाइप केलं होतं, आणि आज तेच आठवत नाही.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या आमच्या कारखान्यात तोफगोळ्यांचं काम तिन्ही पाळ्यांत चालायचं. मी ऑफिसात कारकून, तो लेथ मशीनवरचा कारागीर. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून तो आतलं दुखणं सांगायचा. डिप्लोमावाले त्याच्याकडे शिकायचे आणि वर्षभरात त्याचेच साहेब होऊन बसायचे.

एकदा त्याने बढतीचा अर्ज केला. साहेबांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं: आपण कामात इतके तरबेज आहात की आपल्याला मशीनवरून काढणं देशहिताचं नाही. पगाराबद्दल एक अक्षर नाही. चांगलं काम केल्याची शिक्षा, आणि तिच्यावर देशाचा शिक्का!

कागद घ्यायला तो आला, उभ्यानेच वाचला. मग माझ्या टेबलावर पंजा टेकून म्हणाला, "हे तर हलून राहिलं ना, बाबूजी. यावर काम काहून करता तुम्ही?"

त्याने कागदाची घडी घातली, नखाने जाडी पाहिली, अजून एक घडी घातली आणि वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. पुन्हा पंजा टेकून पाहिला.

"चलो, कामी आला," म्हणाला आणि पाळीवर निघून गेला.

तो कागद मी काढला नाही. त्याच टेबलावर, त्याच पदावर रिटायर झालो. टेबल शेवटपर्यंत हललं नाही.