विहिरीतली काव

माझी पीएचडी तळाशी न बसणाऱ्या गोष्टींवर आहे. पाण्यात चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की ते महिनोन्‌महिने तरंगत राहतात. अणुकचऱ्यातलं विष त्यांना चिकटतं आणि खडकाच्या भेगांतून कुठच्या कुठे जातं. मुलांना हे मी दरवर्षी शिकवते.

कारखान्याच्या धुरातला कार्बन पकडून, पाण्यात विरघळवून आमच्याच गावच्या काळ्या खडकात सोडायचा आणि तिथे त्याचा दगड होऊ द्यायचा, असा प्रयोग निघाला. मी तो हट्टाने मागून घेतला. गावाचं भलं आणि माझं नाव. खोटं कशाला बोलू, नाव आधी.

धोका एकच होता. कार्बन मुरलेलं ते आंबट पाणी वहिनीच्या विहिरीत उतरलं, तर खडकातलं नको ते सगळं सोबत आणणार. वाडीत गोडं पाणी तेवढंच, बाकीच्या विहिरी मचूळ. मी चाचणीच्या बोअरमध्ये रंग सोडला आणि दोन आठवडे विहीर तपासली. रंग आला नाही. ग्रामसभेत मी सांगितलं, निर्धास्त राहा. आपलीच पोर सांगते म्हणून लोकांनी सह्या केल्या. जन्मभर विहिरी खणलेले माझे बाबा मागे बसून होते. ते काहीच बोलले नाहीत, याचं मला वाईट वाटलं.

शहरात परतले आणि चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. कळशीत लाल पाणी येत होतं. आगरदांड्याहून जंगलजेटीच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून घरी पोचले, तर बाबांनी शांतपणे कबूल केलं. भिंतीला लावायची लाल काव बादलीभर कालवून, मी गेल्यावर त्यांनीच माझ्या बोअरमध्ये ओतली होती.

“आमी दोन विहिरींचं नातं काव सोडूनच बगायचो. बादली कोन धरायचं, आठवतंय?”

मीच धरायचे. आठ वर्षांची होते.

माझा रंग वाटेत खडकाला चिकटून संपला होता, आणि कावेचे बारीक कण मोठ्या भेगांतून थेट आले होते. माझाच धडा. कणांची चाचणी मी घाईपायी टाळली होती. खरं तर नको ते उत्तर येईल म्हणूनही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लाज वाटली आणि बाबांचा रागही आला. तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं.

“समद्या गावासमोर तुला खोटं कसं पाडू, बाय?”

म्हणजे ते मलाच करायचं होतं. पुढच्या सभेत मी कळशीतलं लाल पाणी टेबलावर ठेवलं आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. वहिनी उभी राहिली.

“वन्सं, तवाचं खरं धरू का आताचं?”

आताचं, मी म्हणाले. तेव्हाही तुम्ही असंच ठामपणे बोलला होतात, एवढंच म्हणून ती खाली बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

बोअर बुजवलं. उपसून उपसून आठवडाभरात विहीर निवळली. अजूनही मी घरी गेले की वहिनी लगबगीने पाणी आणते, पण देण्याआधी काचेचा पेला दारातल्या उजेडात धरून बघते. पाणी चांगलं आहे हे मला माहीत असतं. मी तसं सांगत नाही.