कोसेत्स, एक्क्याण्णव टक्के

ओतोक गावच्या पावला झाक्रायशेकनं मे महिन्यात कुरणातल्या खांबाला एक डबी टांगली. साबणाच्या वडीएवढी, पाठीवर उन्हावर चालणारी काच, पुढं जाळी आणि जाळीमागं तिचा कान. लेकीनं राजधानीतनं, ल्युब्ल्यानाहून आणून दिलेली. दिवसभर ती डबी ऐकत बसायची, ऐकलेला आवाज हजारो पाखरांच्या आवाजांशी ताडून बघायची आणि पावलाच्या फोनवर नाव धाडायची. वर खात्री किती टक्के तेही सांगायची.

"आई, हिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे," लेक म्हणाली.

धाकटा दीर मातिया तिथंच कॉफी ढोसत बसला होता. तो म्हणाला, "बरं झालं. खरी तर ह्या घरात कधी बघितली न्हाई."

पावलाला डबीचं कौतुक होतं आणि थोडी लाजही वाटत होती. कारण पाखरं ओळखायला तिला आजवर कुणाची गरज पडली नव्हती. एकतीस वर्षं ती लाकडाच्या कारखान्यात करवतीपुढं उभी राहिली, खुर्च्यांचे पाय कापत. पहाटे सायकलवरनं तळ्याकाठानं जायची. थांबून पाखरू बघत बसलं तर भोंगा चुकायचा, म्हणून ती न थांबता कानानंच ओळखायला शिकली. चंडोल, गप्पीदास, लावा. पायडल मारता मारता नावं पुटपुटायची. दुर्बीण तिनं कधी घेतली नाही. पण त्याच करवतीनं हळूहळू तिचा कान खाल्ला. आधी बारीक आवाज गेले, मग चरचरीत, खरखरीत आवाज गेले. गेली दोन वर्षं तिला कोसेत्स ऐकू आला नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

इकडं गवत कापणाऱ्या गड्याला कोसेत्स म्हणतात. आणि उंच गवतात दडून बसणाऱ्या, पाणकोंबडीच्या भावकीतल्या एका तपकिरी पाखरालाही कोसेत्सच म्हणतात. दिसत कुणाला नाही. ओरडतं मात्र असं, की कुणी विळ्याला धार लावतंय. कर्र-कर्र. कर्र-कर्र. मादी जमिनीवरच अंडी घालते, आणि गवत जूनमध्ये कापलं की सगळं घरटं पात्याखाली जातं.

कुरण पावलाचं आणि मातियाचं मिळून होतं. नवरा गेला तेव्हाच दोघांत ठरलं होतं. वरचं गवत संत पेत्राच्या सणाला, एकोणतीस जूनला कापायचं. खालच्या ओल्या पट्टीत कोसेत्स ओरडत असला तर ती पट्टी ऑगस्टपर्यंत ठेवायची, नसला तर तीही कापायची. गेली दोन वर्षं पावलाला काही ऐकू आलं नाही, आणि दोन्ही वर्षी पट्टी कापली गेली. यंदा मातियानं नवंच काढलं.

"वैनी, तिसऱ्या वर्षी पण न्हाई आला तर तो पाव्हणा आता यायचाच न्हाई. मग दरसाल जूनातच मशीन घालायचं. ऑगस्टचं गवत म्हंजी केरसुणी. माझ्या गायी तोंड फिरवत्यात."

"आणि आला तर?"

"आला तर तुझं राज्य."

हातावर हात पडला. म्हणून ती डबी.

डबी कामसू होती पण मूर्खही होती. मातियाच्या फाटकाच्या गंजक्या बिजागरीला तिनं एकदा मोर ठरवलं, एकेचाळीस टक्के. दुसऱ्या दिवशी मातिया फाटक उघडून वाट अडवून उभा. "वैनी, तिकीट लावू का? मोर बघायला लोक येतील." पदर असता तर पावलानं फोन पदरात लपवला असता, पण कमरेला एप्रन होता, त्याच्या खिशात कोंबला. पण चंडोल, लावा, गप्पीदास डबी बिनचूक सांगायची. कधी कधी पावला खांबाखाली उकिडवी बसायची, फोनवर नाव उमटलं की डोळे मिटायची आणि ते पाखरू कसं ओरडायचं ते आठवायची. आठवलं की बरं वाटायचं. डबीनं नाव द्यायचं, आवाज तिनं घालायचा.

जून निम्मा सरला. एप्रिलमध्ये जिथं मातियानं मासे धरले होते तिथलं तळ्याचं पाणी दरसालासारखं जमिनीत उतरलं आणि कमरेएवढं गवत उभं राहिलं. कोसेत्सचं नाव काही येईना.

अठ्ठावीस तारखेला सकाळी पावला कुट्टूच्या पिठाच्या उकडीचे गोळे, झ्गांत्सी, काट्यानं मोकळे करत होती. फोन थरथरला. कोसेत्स, एक्क्याण्णव टक्के.

तिनं काटा भांड्यातच सोडला. रबरी बूट उलटसुलट पायांत चढवले आणि कुरणाच्या उतारावर धावली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघा दुखरा, पण धावली. वाटेत पुन्हा फोन. कोसेत्स, त्र्याण्णव टक्के.

पट्टीच्या कोपऱ्यावर मातिया उभा होता. उद्या मशीन वळायला जागा हवी म्हणून कोपरे हातानं कापायचे असतात, त्यासाठी आदल्या दिवशीच आला होता. लांब दांड्याचा विळा उभा धरून, कमरेला लटकवलेल्या पाण्याच्या शिंगातला ओला निसणा, धारेचा दगड, पात्यावरनं फिरवत होता. इकडनं एक, तिकडनं एक. फोन तिच्या मुठीत पुन्हा थरथरला.

पावलाला आधी कळेना, मग कळलं, मग हसू फुटलं. ती बांधावर बसून हसायला लागली.

"का गं, लागलं का काय?"

"तुझं नाव आलंय रे. त्र्याण्णव टक्के."

मातियानं फोन लांब धरून वाचलं. "मग खोटं काय त्यात? कोसेत्सच हाय मी. उरलेले सात टक्के तुझी जाऊ सांगंल."

हसू ओसरलं तशी पावला खांबापाशी गेली. डबी काढली, बंद केली, एप्रनच्या खिशात टाकली. एक दिवस उरला होता, आणि आता डबीच्या शब्दावर तिचा तरी काय भरवसा राहणार?

"काप," ती म्हणाली. "ठरलं ते ठरलं."

मातियानं मान हलवली. सवयीनं निसणा पुन्हा दोनदा पात्यावर ओढला. आणि थांबला. मान तिरकी केली. पुन्हा दोनदा ओढला, पुन्हा थांबला. पावला त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या कानात नेहमीचीच करवत गुणगुणत होती, बाकी काही नाही.

मातिया बराच वेळ गवताकडं बघत उभा राहिला. नाक खाजवलं. एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा विळ्याकडं.

"वैनी, ती डबी चालू कर."

"कशाला? तुझीच पावती घ्यायला?"

"चालू कर म्हंतो न्हवं."

तिनं डबी चालू करून तळहातावर धरली. मातियानं विळा गवतात आडवा टाकला, निसणा शिंगात खोचला आणि पोलिसानं धरल्यासारखे दोन्ही हात वर केले.

"हे बघ, हात वर. मागनं म्हणशील मीच केलं."

दोघं तशीच उभी. वाऱ्यानं गवत एका अंगाला झुकलं, पुन्हा उभं राहिलं. फोन थरथरला. कोसेत्स, अठ्ठ्याऐंशी टक्के.

"माझ्यापेक्षा कमी पडले त्याला," मातिया म्हणाला आणि हात खाली घेतले. "तिकडं, त्या वाळुंजाच्या झाडाबुडी. धार लावली की त्याला वाटतंय, दुसरा गडी आला हद्दीत. भांडतोय माझ्यासंगं."

पावलानं त्या बाजूला तोंड केलं आणि डोळे मिटले. कर्र-कर्र. आठवलं, लगेच आठवलं. डोळे उघडून तिनं विचारलं, "मागल्या वर्षी ओरडत होता का रे?"

मातियानं शिंगातलं पाणी ओतून टाकलं. विळा उचलला, पात्याला चिकटलेलं गवत एकेक काडी करून पुसलं.

"मागलं काय उकरतीस. ह्या वर्षाचं बोल. किती सोडायचं?"

"ठरलंय ते. सगळी पट्टी."

"सगळी? त्या मुठीएवढ्या पाखराला? वाळुंजापासनं पन्नास पावलं सोडू."

"शंभर."

"गायींनी काय तुझी डबी खायची? सत्तर."

"शंभर. आणि पावलं तुझी, माझी नव्हं."

मातियानं टोपी मागं सारली, वाळुंजाच्या बाजूनं कडेकडेनं गेला आणि तिथनं मोजत निघाला. एक, दोन, तीन. ऑगस्टच्या केरसुणीला, गायींच्या नाकाला, कृत्रिम आणि खऱ्या दोन्ही बुद्धींना शिव्या घालत होता. पण पाऊल टाकत होता ते दांडगं, नाला ओलांडावा तसं. शंभरावर पोचला तेव्हा पट्टी संपून वरच्या कुरणातलेही चार वाव मोजणीत आले होते. त्यानं मागं वळून बघितलं नाही. हेझलच्या झुडपाची फांदी मोडली आणि तिथंच रोवली.