दाहिनीवाल्याला काहीही विचारा

रविवारी सकाळी नऊला शवदाहिनीचं फाटक उघडायचं होतं आणि हा गडी सहापासून तिथे हजर! बावीस वर्षं गॅसदाहिनी चालवतोय, रोजचंच काम, पण आज त्याचा पाय काही जमिनीवर ठरेना. फरशी दोनदा पुसून झाली. दाहिनीचं पोलादी दार घासून चकचकीत झालं. बटणांच्या फळीवर धूळ नव्हतीच, तरी तीही फुंकून झाली. शेवटी व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "अरे, बस आता. पाहुणे यायच्या आधी झिजवून टाकशील सगळं."

त्याला सगळे डिग्री म्हणतात, कारण या माणसाच्या तोंडी सतत तापमान. चहा सत्तर डिग्रीच्या वर असला तर ओठाला लावायचा नाही. बायको रागावली की लेकीला हळूच सांगणार, "आठशेच्या पुढे गेलीय, लांब राहा."

फाटकावर मोठ्या अक्षरांत कागद लावला होता : 'दाहिनी आतून बघा. दाहिनीवाल्याला काहीही विचारा.' कल्पना व्यवस्थापक बाईंची. त्या गावात बहुतेक लोक आपली माणसं पुरायचे. पण जुनी दफनभूमी भरली आणि नवी पडली दीड तासाच्या अंतरावर, तेव्हा लोक दाहिनीचा विचार करायला लागले. आता शंका असतात हो मनात, पण विचारणार कधी? घरातलं माणूस गेलेलं असताना कोण विचारतं की बाबा रे, आत नेमकं होतं काय? म्हणून हा एक दिवस ठेवला. दहन बंद, नुसते प्रश्न.

पण डिग्रीच्या जिवाची घालमेल चालली होती ती वेगळ्याच कारणानं. त्याची आई! नवरा तरुणपणीच गेला, त्याला जुन्या दफनभूमीत पुरलं, आणि या बाईनं शिवणयंत्रावर पाय मारून मारून पोराला वाढवलं. पण पोरगा दाहिनीवर लागला तसं तिनं शेजारीपाजारी सांगून टाकलं, "माझा मुलगा बॉयलरवर असतो." कुठल्या कारखान्यात, असं कुणी विचारलंच तर ही लगेच खाली मान घालून सुईत दोरा ओवायला लागायची. बावीस वर्षं! डिग्रीला सगळं कळत होतं. तो कधी बोलला नाही, पण लागायचं त्याला, फार लागायचं. आदल्या दिवशी त्यानं धीर केला. "आई, उद्या ये ना. एकदा बघ तरी मी काय करतो."

तिनं कात्री थांबवलीसुद्धा नाही. "मला पडदे द्यायचेत उद्या."

संपला विषय.

नऊ वाजले. बाईंनी वीस खुर्च्या मांडल्या होत्या, वीसही भरणार नाहीत अशी भीती होती, आणि साडेनऊला आत उभं राहायला जागा नाही! निवृत्त पोस्टमन, कॉलेजच्या पोरी, म्हाताऱ्या मैत्रिणींचा एक अख्खा घोळका. आणि प्रश्न? नुसता पाऊस.

"दोघांना एकदम घालता म्हणे?"

"एका वेळी एकच. दुसरं मावतच नाही, या, स्वतः बघा."

"पेसमेकर असला तर?"

"आधी काढावा लागतो. बॅटरी फुटते आत. एकदा फुटली होती, मी बाहेर उभ्या जागी उडालो!"

"दुखतं का हो?" घोळक्यातल्या एका आजींनी अगदी बारीक आवाजात विचारलं. कुणी हसलं नाही. डिग्री त्यांच्याजवळ गेला. "नाही आजी. दुखणारं सगळं तोवर संपलेलं असतं."

मग एक जाडजूड हलवाई पुढे आला. "आमच्यासारख्यांना वेळ जास्त लागतो का?"

"लागतो की! दीड तासाऐवजी दोन. पण तुम्हाला तेव्हा कुठे जायची घाई असणार?"

काय हशा पिकला म्हणता! हलवाई तर पोट धरून हसला. डिग्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बावीस वर्षं भिंतीआड काम केलं होतं त्यानं, लोक यायचे ते खाली मान घालून, जायचे ते डोळे पुसत. आज लोक त्याच्याकडे बघत होते, ऐकत होते! त्या भरात त्यानं काय करावं? पहिला गट निघाला तसा हा दारात उभा राहून हात हलवत म्हणाला, "या हं, पुन्हा या!"

बाईंनी कपाळाला हात लावला.

"येणारच रे बाबा," पोस्टमन म्हणाला, "पण इतक्यात नको!"

पुन्हा हशा. डिग्री कानापर्यंत लाल झाला, हसत हसत वळला, आणि त्याला खांबाजवळ आई दिसली.

डोक्यावरून रुमाल, खांद्याला कापडाची पिशवी, जणू बाजाराला निघाली होती आणि चुकून आत शिरली. डिग्रीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं डोळ्यांनीच दटावलं : ओळख दाखवायची नाही. बरं बुवा, नाही दाखवत. पण आली! आली तर खरी! त्या नादात पुढचा प्रश्न त्याला ऐकूच आला नाही.

मग तिनंच तोंड उघडलं. "राख देता ती त्याच माणसाची कशावरून? शिवणकामात चार गिऱ्हाइकांची कापडं एकत्र पडली की अदलाबदल होते."

"बरोबर विचारलंत, बाई." स्वतःच्या आईला 'बाई' म्हणताना त्याची जीभ अडखळली. त्यानं टेबलावरची पोलादी चकती तिच्या हातात दिली. "हा नंबर बघा. माणसाबरोबर चकती आत जाते, वितळत नाही. राखेबरोबर बाहेर येते आणि राखेच्याच डब्यात राहते."

तिनं कापडाचा पोत बघावा तसा अंगठा फिरवून तो नंबर बघितला. "मी कापडाला मापाची चिठ्ठी टाचते, तसं."

"अगदी तसंच!"

तिनं चकती परत दिली नाही, मुठीत धरून ठेवली. "आणि नवरा आधीच पुरलेला असेल तर? जुन्या दफनभूमीत. तिथे आता नवी कबर मिळत नाही. बाई नव्या जागेत पुरली तर दीड तास लांब. जाळली तर राख इथे डब्यात. म्हणजे काहीही केलं तरी तो तिकडे आणि ती..."

अरे देवा! तेव्हा कुठे डिग्रीच्या डोक्यात उजेड पडला. आई त्याचं काम बघायला आलीच नव्हती. हा प्रश्न उराशी घेऊन आली होती, किती वर्षं कोण जाणे, आणि ज्याला उत्तर माहीत होतं तो रोज तिच्याच हातचं जेवत होता! याला हसू आलं, रडू आलं, तिला जाऊन मिठी मारावीशी वाटली.

"नवी कबर मिळत नाही, खरं आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "पण राखेला नवी कबर लागतच नाही! त्याच कबरीत हातभर खड्डा करायचा. एक अर्ज द्यावा लागतो, मी लिहून देतो. दहन केलं तर त्याच्या उशाशी जागा मिळते, बाई."

"उशाशी?"

"उशाशी. पायाशी. तुम्ही म्हणाल तिथे."

ती मटकन खुर्चीवर बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि चेहरा मात्र असा उजळला की बघत राहावं! शेजारच्या आजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "तुमच्या ओळखीतला दिसतो हा मुलगा?"

"ओळखीतला?" आईनं डोक्यावरचा रुमाल मागे सारला. आवाज चांगला खणखणीत. "पोटचा आहे माझ्या! बावीस वर्षं इथे दाहिनी चालवतो. बॉयलर म्हणून सांगत फिरले ती मी. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. डिग्रीला समोरचं काही दिसेनासं झालं.

"आता ऐक," आई टाळ्यांच्या वर म्हणाली. "माझ्या वेळी बटण कोण दाबणार?"

"आई, स्वतःच्या माणसाचं आम्ही करत नाही. दुसरा माणूस येतो. तशी पद्धत आहे."

"का?"

"हात थरथरतात गं."

"थरथरू देत की! तुझं पहिलं झबलं शिवताना माझेही थरथरत होते. म्हणून काय शेजारणीकडे दिलं होतं शिवायला?"

त्यानं व्यवस्थापक बाईंकडे बघितलं. त्या डोळे पुसत होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. मग तो सगळ्यांच्या देखत आईच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"बरं," तो म्हणाला. "मीच दाबीन."